शेतात मैफल भरवायची तर विचारायचं कोणाला?

गेल्या काही आठवड्यांत एकाच विषयावरची बरीच पत्रं आली: शेतजमिनीवर गाण्याचे कार्यक्रम, महोत्सव, जत्रा आणि प्रदर्शनं भरवण्याचे नियम काय? त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : हरभरा निघाला की आमचं पाच एकर रान जूनपर्यंत मोकळं असतं. शहरातली काही मंडळी तिथे दोन दिवसांचा गाण्यांचा कार्यक्रम करायचा म्हणतात. भाडंही बरं देतात. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, ‘वुडस्टॉक शेतातच झालं, ग्लास्टनबरी आजही शेतातच होतं, तिकडे कोण विचारतं?’ खरंच तिकडे कोणी विचारत नाही का? — एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

तिकडे विचारतात, आणि आपल्यापेक्षा बारकाईने विचारतात. वुडस्टॉकचीच हकिकत बघा. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १९६९ च्या ऑगस्टमध्ये झालेला हा महोत्सव मुळात शेतात ठरलाच नव्हता. आयोजकांनी आधी वॉलकिल नावाच्या गावात उद्योगांसाठी राखलेली जागा घेतली होती. गावकऱ्यांनी विरोध केला. २ जुलैला गावाच्या मंडळाने कायदाच केला की, पाच हजारांहून जास्त माणसं जमणार असतील तर परवाना काढावा लागेल. पुढे १५ जुलैला तिथल्या जमीनवापर अपील मंडळाने कार्यक्रमाला बंदी घातली. कारण दिलं ते असं की, आयोजक आणणार असलेली फिरती शौचालयं गावाच्या नियमांत बसत नाहीत. तेव्हा कार्यक्रमाला जेमतेम एक महिना उरला होता.

आयोजक मग बेथेल गावातल्या मॅक्स यासगर या दूधउत्पादक शेतकऱ्याकडे गेले. त्यांचं गोठ्यासाठीच्या गवताचं रान तळ्याकडे उतरत जाणारं, वाडग्यासारखं होतं. गाणं ऐकायला उत्तम जागा. बेथेलच्या कारभाऱ्यांना आयोजकांनी ५० हजार माणसं येतील असं सांगितलं. आली चार लाखांहून जास्त. गावच्या मंडळाने तर रीतसर परवाने द्यायलाच नकार दिला होता आणि बांधकाम अधिकाऱ्याला काम थांबवण्याच्या नोटिसा लावायला सांगितलं होतं. पण तोवर गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. कुंपणसुद्धा पुरं झालं नव्हतं.

लोकांच्या आठवणीत ते तीन दिवस संगीताचे आहेत. शेजारच्या शेतकऱ्यांच्या आठवणीत तुडवलेली पिकं, तुंबलेले रस्ते आणि घाण आहे. काही शेजाऱ्यांनी यासगर यांच्यावर नुकसानीचे दावे लावले. आयोजकांकडून यासगर यांना त्यांच्या रानाच्या नुकसानीपोटी ५० हजार डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा कार्यक्रम करू म्हणून विचारणा झाली तेव्हा त्यांनी रान द्यायला नकार दिला. त्यानंतर बेथेल गावाने आणि न्यूयॉर्क राज्याने मोठ्या जमावांसाठी कायदे केले. इंग्लंडमध्ये आयल ऑफ वाइट बेटावर १९७० साली असाच प्रचंड महोत्सव झाला, आणि १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने त्या बेटापुरता कायदा केला: पाच हजारांहून अधिक माणसांचा रात्रभराचा जमाव उघड्यावर भरवायचा तर परवाना हवा.

तेव्हा ‘वुडस्टॉक शेतातच झालं’ हे खरं. पण शेतातल्या महोत्सवांवरचे नियमही बरेचसे वुडस्टॉकमुळेच आले, हे त्या मंडळींना जरूर सांगा.

प्रश्न : परदेशात शेतीची जमीन शेतीसाठीच राखलेली असते म्हणतात. मग तिथे शेतात महोत्सव भरतातच कसे? जमीनवापर बदलावा लागत नाही का? — एक वाचक, सांगली

या सगळ्या विषयाची किल्ली तुमच्या प्रश्नात आहे. कायदा इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो: जमिनीचा वापर बदलणं आणि जमिनीचा थोडे दिवस वेगळा उपयोग करणं. पहिल्यासाठी जमीनवापराचे कडक नियम लागतात. दुसऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी एक मुदत ठरवून दिलेली असते.

इंग्लंडमध्ये ही मुदत वर्षाला २८ दिवसांची आहे. २०१५ च्या विकास परवानगी आदेशानुसार मोकळ्या जमिनीचा एका कॅलेंडर वर्षात एकूण २८ दिवसांपर्यंत इतर कामासाठी उपयोग करता येतो, आणि त्यासाठी नियोजन विभागाची वेगळी मंजुरी लागत नाही. बाजार भरवायचा किंवा मोटारींच्या शर्यती घ्यायच्या असतील तर मात्र १४ च दिवस. घरालगतच्या आवाराला ही सवलत नाही. करोनाच्या काळात हे दिवस काही मुदतीपुरते दुप्पट केले होते. हे २८ दिवस मोजताना मांडव उभारण्याचे आणि काढण्याचे दिवसही धरले जाऊ शकतात, म्हणून तिथला शेतकरी वहीत तारखा टिपून ठेवतो.

पण नियोजनाची मंजुरी लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नाही. संगीत, दारू, रात्रीचा कार्यक्रम यांसाठी २००३ चा परवाना कायदा वेगळा आहे. ४९९ पर्यंत माणसं असतील तर साधी सूचना पुरते: कामाचे दहा दिवस आधी एक अर्ज आणि २१ पौंड शुल्क. त्याहून मोठा कार्यक्रम असेल तर पूर्ण परवाना काढावा लागतो, आणि त्यावर पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण आरोग्य विभाग असे सगळे आपलं म्हणणं मांडतात.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने हा फरक आणखी स्पष्ट केला आहे. तिथे शेतजमीन वाचवण्याचे कायदे फार कडक आहेत. तरीही तीन हजारांहून जास्त माणसांचा, २४ तासांहून जास्त चालणारा, पण कोणत्याही तीन महिन्यांत १२० तासांपेक्षा कमी असलेला उघड्यावरचा जमाव हा ‘जमीनवापराचा निर्णय’ मानायचाच नाही, असं कायद्यात लिहून ठेवलं आहे. पाणी, शौचालयं, कचरा, डॉक्टर, आग विझवण्याची सोय, वाहनतळ आणि पोलीस यांची पूर्तता दाखवा, परवाना घ्या, कार्यक्रम करा आणि रान मोकळं करा. १२० तासांच्या पुढे गेलात तर मग जमिनीच्या वापराचा प्रश्न उभा राहतो.

म्हणजे तिथले नियम तीन मापांवर चालतात: किती दिवस, किती डोकी, आणि नंतर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळणार.

प्रश्न : तिसऱ्या मापाबद्दल सांगा. गवताच्या रानाचं असं काय बिघडतं? — एक वाचक, कोल्हापूर

ग्लास्टनबरीचं उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावाजवळचं वर्दी फार्म हे आजही चालू दुधाचं शेत आहे. मायकल ईव्हिस या शेतकऱ्याने १९७० च्या सप्टेंबरमध्ये तिथे पहिला कार्यक्रम केला. प्रवेश एक पौंड, त्यात शेतावरचं दूध फुकट. माणसं आली दीड हजार. १९८३ पासून परवाना लागू झाला, तेव्हा मेंडिप जिल्हा परिषदेने ३० हजारांची मर्यादा घातली. आज तिथे दोन लाखांच्या वर माणसं जमतात.

महोत्सव संपल्यावर त्याच गवतावर गाई चरायच्या असतात. तंबूचा एखादा लोखंडी खिळा गवतात राहिला तर तो गाईच्या पोटात जातो. आपल्याकडे म्हशीने तार गिळली म्हणजे काय होतं हे गोठा असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तिथे माणसांच्या रांगा लावून रान वेचून काढतात आणि ट्रॅक्टरला चुंबक लावून खिळे गोळा करतात. दर काही वर्षांनी महोत्सवच बंद ठेवून रान पड टाकतात. २०१८ साली असा खंड झाला, २०२६ हेही विश्रांतीचं वर्ष ठरवलं आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या शेतातून वाहणाऱ्या ओढ्यात २०१४ साली मैला साठवण्याच्या टाकीतलं घाण पाणी गळून उतरलं आणि मासे मेले. पुढे न्यायालयात आयोजकांना दंड आणि खर्च मिळून ३१ हजार पौंड भरावे लागले. उघड्यावर लघवी करू नका, असं तिथे जागोजागी लिहिलेलं असतं, तेही ओढ्यातल्या माशांसाठीच.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत धोका आणखी मोठा आहे. वापसा नसताना, म्हणजे जमीन ओली असताना, त्यावरून ट्रक गेला तर खालचा थर दाबला जातो. वरून नांगरट केली तरी तो लवकर सुटत नाही. पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. आणि गाड्या रुतू नयेत म्हणून आयोजक मुरूम टाकतात. काळ्या रानात पसरलेला मुरूम वेचून काढायला माणूस लावला तर कार्यक्रमाचं भाडं त्यातच जाईल. उन्हाळ्यात, रान कोरडं ठणठणीत असताना कार्यक्रम करणं आणि मुरमाऐवजी लोखंडी किंवा लाकडी पट्ट्या अंथरणं, हाच शहाणपणा.

प्रश्न : आता महाराष्ट्राचं सांगा. दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी जमीन एनए करावी लागते का? — अनेक वाचक

दोन दिवसांसाठी जमीन कायमची एनए, म्हणजे अकृषिक, करायची गरज नसते. पण ‘दोनच दिवस तर आहेत’ म्हणून परवानगीच नको, हेही खरं नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं मूळ तत्त्व असं की शेतीसाठी असलेली जमीन शेतीबाहेरच्या कामाला वापरायची तर महसूल खात्याची परवानगी हवी. कलम ४२ आणि ४४ त्याबद्दल आहेत. विनापरवाना वापर झाला तर कलम ४५ खाली दंड होतो, आणि नोटीस येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला. गेल्या काही वर्षांत अकृषिक परवानगीचे नियम बरेच सैल झाले आहेत आणि अजून बदलत आहेत. त्यामुळे आजची स्थिती काय, हे तहसील कार्यालयातच लेखी विचारून घ्या. थोड्या दिवसांच्या कामासाठी तात्पुरत्या अकृषिक वापराची परवानगी मागितली जाते. अर्जात तारखा, गट नंबर, क्षेत्र आणि नकाशा द्यावा लागतो.

इंग्लंडसारखी ‘इतके दिवस मोकळीक’ अशी सरळ रेघ आपल्याकडे नाही. ती नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. शंभर माणसांची भजनसंध्या ठेवणारा शेतकरी घाबरतो आणि दहा हजारांचा कार्यक्रम करणारा ‘तोंडी सांगून ठेवलंय’ म्हणत मांडव टाकतो.

शिवाय आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, जमीन कोणत्या प्रकारची आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे इनाम, वतन, किंवा सरकारने दिलेली जमीन असेल, तर ती दुसऱ्याला वापरायला देण्यावर बंधनं आहेत. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला १९४८ च्या अधिनियमाचं कलम ४३ लागू होतं.

दोन, कराराचा प्रकार. त्याच कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या नावे शेतजमिनीची विक्रीच नव्हे, तर भाडेपट्टाही परवानगीशिवाय वैध ठरत नाही. शहरातली कार्यक्रम कंपनी बहुधा शेतकरी नसते. म्हणून तिच्याशी भाडेपट्टा करू नका. ताबा आपल्याकडेच ठेवून ठरावीक दिवसांपुरता वापराचा परवाना द्या, आणि मसुदा वकिलाकडून करून घ्या.

तीन, खोदकाम. रंगमंचासाठी टेकाड सपाट केलं, मुरूम उचलला, तर ते गौण खनिजाचं उत्खनन ठरतं. महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. ‘जमीन माझीच आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

चार, मांडव आणि रंगमंच. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मांडव, प्रदर्शनं, सर्कस अशा तात्पुरत्या बांधकामांची तरतूद आहे. जिथे ती लागू आहे तिथे संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

हे झालं जमिनीपुरतं. कार्यक्रमासाठी पोलिसांची परवानगी वेगळी, १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची. वीज जोडणी महावितरणची, आणि तीही शेतीपंपाच्या जोडणीवरून घ्यायची नाही. त्याखेरीज ग्रामपंचायतीचं नाहरकत पत्र, अग्निशमनाची सोय आणि रुग्णवाहिका.

प्रश्न : आमच्या गावची जत्रा पिढ्यान्‌पिढ्या शेतात भरते. पाळणे येतात, तमाशाचा फड उतरतो, बैलगाडा शर्यती होतात. तिला कधी कोणी एनए विचारलं नाही. मग नव्या मैफलींनाच का? — एक वाचक, सातारा जिल्हा

जत्रेच्या मागे एक व्यवस्था आहे, ती कागदावर कमी आणि वहिवाटीत जास्त दिसते. आपल्या बहुतेक गावजत्रा चैत्र-वैशाखात का येतात? रब्बी निघालेली असते, रानं मोकळी असतात, कोणाचं पीक तुडवलं जात नाही. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला तिथे जातात, तेही याच वेळापत्रकावर. कोणाच्या रानात गाड्या लावायच्या, पाळणा कुठे, फड कुठे, हे जत्रा कमिटी बसून ठरवते. ज्याचं रान घेतलं त्याचा मान ठेवते.

शिवाय जत्रा कायद्याबाहेर आहे असंही नाही. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये बाजार आणि जत्रा हा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतला विषय आहे. जत्रा, उत्सव आणि करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकारही पंचायतीला आहे. बैलगाडा शर्यतींचंच घ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. आज धावपट्टी एक हजार मीटरहून लांब नको, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, अशा अटी पाळूनच घाट भरतो.

फरक आहे तो ओळखीचा. जत्रेत गोंधळ झाला तर जबाबदार कोण हे गावाला माहीत असतं, आणि ती माणसं दुसऱ्या दिवशी गावातच असतात. बाहेरून आलेला आयोजक तिकिटाचे पैसे घेऊन रात्रीच निघतो. जिथे ओळख नाही तिथे कागद लागतो. आणि जत्राही आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. समाजमाध्यमावर एक चित्रफीत फिरली की पाच हजारांच्या जत्रेला पन्नास हजार येतात. वहिवाट त्या गर्दीला पुरी पडत नाही.

प्रश्न : परवानगीच्या कागदात माणसांचा आकडा विचारतात. अंदाजे टाकला तर बिघडतं कुठे? — एक तरुण आयोजक, नगर

जीव जातात. याहून सौम्य उत्तर मला देता येत नाही.

२ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यात, सिकंदराराऊजवळ महामार्गालगतच्या शेतात सत्संगाचा मांडव होता. परवानगी ८० हजारांची होती. आलेली माणसं अडीच लाखांच्या वर असल्याचं पोलिसांच्या फिर्यादीत नोंदलं गेलं. कार्यक्रम संपल्यावर लोक निघाले. ओलसर, घसरडी जमीन आणि रस्त्याकडेचा उतार. जी माणसं पडली त्यांच्यावरून मागची गेली. १२१ जण मेले, त्यांत बहुतेक बायका.

आपण हे आधी भोगलं आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत अरुंद पायऱ्यांवर, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० भाविक गेले. पुढे न्या. राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला.

दोन्हीकडे माणसं मेली ती जागा कमी होती म्हणून नव्हे, तर बाहेर पडायची वाट कमी होती म्हणून. तुमच्या रानाचा हिशेब मांडून पाहा. समजा पाच एकर आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उघड्यावर उभं राहून ऐकणाऱ्या प्रेक्षकांसाठी एका चौरस मीटरला दोन माणसं असा सावध हिशेब धरतात. एक एकर निव्वळ प्रेक्षकांना दिला तरी आठ हजार माणसं मावतात. आता गाड्या. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला किमान २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे एकरात १६० गाड्या. दोन एकर वाहनतळ केला तर ३२० गाड्या, गाडीत चार जण धरले तर सुमारे १,३०० माणसं. रानात माणसं आठ हजार मावतात, पण गाड्या तेराशे माणसांच्याच मावतात. उरलेल्यांच्या गाड्या कुठे जाणार? पाणंदीत, शेजाऱ्याच्या बांधावर आणि डांबरी रस्त्याच्या दोन्ही कडेला. मग रुग्णवाहिका आत यायची कशी?

पाणंदीचं आणखी एक. संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं म्हणून. त्या वाटेवरून हजार गाड्या नेण्याचा हक्क त्यात येत नाही. शेजाऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय ती वाट धरू नका.

म्हणून आकडा रंगमंचापासून मोजू नका, फाट्यापासून मोजा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे. प्रत्येक आयोजकाने ती वाचावी.

प्रश्न : शेतात वस्तीच नाही, मग रात्री बारापर्यंत स्पीकर लावला तर कोणाला त्रास? — एक वाचक, नाशिक

वस्ती असतेच. मळ्यात घरं आहेत, पोल्ट्री आहे, गाभण जनावरं आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० शेताला अपवाद करत नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी, राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात आणि तुमचा कार्यक्रम त्यांत असेलच असं नाही. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्रासाठी ठरवलेल्या ध्वनिमर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. उघड्या माळावर रात्री आवाज लांब पोचतो. रंगमंचाचं तोंड वस्तीकडे न करता डोंगराकडे किंवा मोकळ्या शिवाराकडे केलं तर अर्धा तंटा तिथेच मिटतो.

प्रश्न : (पुन्हा जुन्नरहून) एवढं सगळं ऐकून वाटतं, नकोच ते. की द्यावं रान? — पहिले शेतकरी वाचक

द्यावं. हरभऱ्यानंतर मोकळ्या पडलेल्या रानातून चार पैसे येत असतील तर तो तुमचा हक्क आहे, आणि गावात गाणं येणं ही चांगली गोष्ट आहे. मात्र आगाऊ रक्कम हातात घेण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी करून घ्या.

सगळ्या परवानग्या आयोजकाने काढायच्या आणि त्यांच्या प्रती मांडव पडण्याआधी तुम्हाला द्यायच्या. परवानगीत तुमचा गट नंबर आहे का, ते स्वतः बघायचं. जास्तीत जास्त किती तिकिटं विकायची हा आकडा करारात घालायचा. दोन स्वतंत्र वाटा, एक येण्याची आणि एक जाण्याची, आणि रुग्णवाहिकेची तिसरी. शौचालयाचा मैला कुठे जाणार, हे नावानिशी लिहायचं. विहीर, बोअर आणि ओढा यांच्याजवळ शौचालयं नकोत. पाऊस पडला आणि रानात वापसा नसला तर गाडी आत येणार नाही, कार्यक्रम पुढे जाईल, ही अटही घालायची. मुरूम, खडी, काच आणि प्लास्टिक रानात राहता कामा नये. त्यासाठी अनामत रक्कम वेगळी ठेवायची आणि ती कार्यक्रमानंतर नव्हे, तर पहिली नांगरट झाल्यावरच परत करायची. नांगराच्या फाळाला जे लागतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अपघाताचा विमा आयोजकाच्या नावे हवा आणि त्यात जमीनमालकाचंही नाव हवं.

कार्यक्रमाआधी आणि नंतर रानाचे फोटो काढा, शक्य असेल तर माती परीक्षण करून घ्या. शेजाऱ्यांना आमंत्रण द्या. ज्याला आमंत्रण असतं तो तक्रार करण्याआधी घरी येऊन बोलतो.

आणि एक मागणी सरकारकडे. लहान कार्यक्रमांसाठी, समजा पाचशे माणसांपर्यंत, वर्षातून ठरावीक दिवस, ग्रामपंचायत आणि तहसीलला एका पानाची सूचना दिली की पुरे, असा सोपा नियम महाराष्ट्राने करावा. त्याहून मोठ्या कार्यक्रमांना एकाच खिडकीवर परवाना मिळावा, पण त्या खिडकीवर बाहेर पडण्याच्या वाटा, पाणी आणि मैला यांचा आराखडा तपासल्याशिवाय सही होऊ नये. लहानाला अडवायचं आणि मोठ्याला तोंडी सोडायचं ही आजची रीत उलटी आहे, आणि ती बदलणं आमदारांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि तो मंजूर झाला की आम्हाला कळवा.